छोट्या फळबागेच्या खर्चात पाणी कुठं मुरतं?

बाजारात फळाचा भाव ऐकून आपण ठरवल्यापेक्षा थोडं कमीच घेतो. ज्याच्या बागेतून ते फळ आलं त्याला विचारलं तर तो सांगतो, यंदाही खर्च निघाला नाही. दोघंही खरं बोलत असतात. मधल्या साखळीत पैसा जातो हे त्याचं एक उत्तर, आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. दुसरं उत्तर अधूनमधून बातम्यांत आणि अहवालांत डोकावतं. त्याचा सूर साधारण असा असतो: छोटे फळबागायतदार खर्चाच्या बाबतीत 70 टक्केच कार्यक्षम आहेत. हे वाचून काही जण म्हणतात, म्हणजे शेतकरी 30 टक्के आळशी. काही म्हणतात, कागदावर आकडेमोड करणाऱ्यांना बागेतलं काय कळतं?

मला दोन्ही प्रतिक्रियांचं वाईट वाटतं. हा आकडा आळस मोजत नाही आणि तो अगदीच पोकळही नाही. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे नीट समजलं, तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग बागायतदारालाच आहे. पण नेमका त्याच्यापर्यंतच तो त्याच्या भाषेत क्वचित पोचतो.

बादली गळकी की पाणी महागाचं?

खर्च-कार्यक्षमता म्हणजे एका साध्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही जेवढं फळ पिकवलं तेवढंच फळ, मजुरी-खत-पाण्याच्या आजच्याच दरांत, कमीत कमी किती खर्चात पिकवता आलं असतं? त्या किमान खर्चाला तुमच्या प्रत्यक्ष खर्चानं भागायचं. उत्तर 1 आलं तर तुमचा एकही पैसा वाया गेलेला नाही. 0.70 आलं तर खर्चाच्या शंभर भागांपैकी तीस भाग फळात न उतरताच कुठंतरी मुरले.

कुठं मुरले, हे शोधायला टाकी भरण्याचं उदाहरण घेऊ. टाकी भरायला गरजेपेक्षा जास्त खर्च दोन कारणांनी होतो. एक, बादली गळकी असते. विहिरीतून दहा बादल्या काढल्या तरी टाकीत आठच पडतात. याला तांत्रिक अकार्यक्षमता म्हणतात. दोन, बादली चांगली असते, पण विहीर दारात असताना आपण पाणी विकत आणतो. थेंबही सांडत नाही, तरी खर्च वाढतो, कारण निवडच महाग आहे. ही वाटपाची अकार्यक्षमता. खत, पाणी, मजूर, यंत्र यांच्यात पैसा कसा वाटला, त्याची ती चूक.

आता आकडे घालून पाहू. एका बागेचा खर्च 100 भाग आहे. सगळ्या गोष्टींचं आपसातलं प्रमाण तेच ठेवून नुसती गळती थांबवली, तर तेवढंच फळ 80 भागांत निघालं असतं. शिवाय प्रमाणही दरांप्रमाणे बदललं असतं, तर 68 भागांत. पहिला टप्पा 0.80. दुसरा 68 भागिले 80, म्हणजे 0.85. दोन्हींचा गुणाकार 0.68, आणि हीच त्या बागेची खर्च-कार्यक्षमता.

ही फोड महत्त्वाची आहे, कारण दोन्ही दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत. गळक्या बादलीवर उपाय म्हणजे कसब, देखभाल आणि वेळ साधणं. महागाच्या पाण्यावर उपाय असतो दरांची माहिती आणि हातात वेळेवर असलेला पैसा. बातमीत एकच आकडा छापून येतो आणि फोड गळून पडते. मग पैशाची अडचण असलेल्याला प्रशिक्षण दिलं जातं, आणि ज्याला प्रशिक्षण हवं त्याला अनुदान.

हे 'कमीत कमी' ठरवलं कुणी?

हा आक्षेप रास्त आहे. 1957 साली मायकेल फॅरेल या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञानं त्यावर तोडगा सुचवला. आदर्श बाग पुस्तकात शोधू नका, आजूबाजूच्या खऱ्या बागांतच शोधा, असा त्याचा विचार. सारख्या परिस्थितीतल्या बऱ्याच शेतकऱ्यांचा खर्च आणि उत्पादन मांडायचं. त्यांत ज्यांनी कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त काढलं, त्यांना जोडणारी रेषा म्हणजे सीमारेषा. बाकीचे त्या रेषेपासून किती लांब आहेत, ते मोजायचं. फॅरेलनं आपली पद्धत अमेरिकेच्या 48 राज्यांतल्या शेतीच्या आकड्यांवरच करून दाखवली होती, म्हणजे या विषयाचा जन्मच शेतीच्या हिशोबातून झाला.

आता बागायतदार विचारेल, गारपीट झाली त्यात माझा काय दोष? फॅरेलच्या रेषेला गारपीट आणि निष्काळजीपणा यांतला फरक कळत नव्हता. 1977 साली दोन वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच सुधारणा मांडली: रेषेपासूनचं अंतर दोन वाट्यांत फोडायचं, एक वाटा नशिबाचा, दुसरा खऱ्या अकार्यक्षमतेचा. पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, फॅरेलची मूळ कल्पना गणिती पद्धतीनं अनेक साधनं आणि अनेक उत्पादनं एकत्र हाताळेल अशी बांधली गेली. पण तीत नशिबाचा वाटा वेगळा निघत नाही. म्हणून असा आकडा दिसला की आधी पाहावं, तो कोणत्या पद्धतीनं काढलाय. गारपिटीच्या वर्षीचा आकडा या 1978 च्या पद्धतीनं काढला असेल, तर त्यातला बराचसा दोष आभाळाचा असू शकतो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. सीमारेषा त्या गटापुरतीच असते. सगळाच गट मागासलेला असेल तर त्यातल्या पहिल्याला 1 मिळतो, आणि चांगल्या गटातला एखादा कसबी बागायतदार 0.75 वर राहतो. दोन प्रदेशांचे असे आकडे शेजारी ठेवून कुणाला शाबासकी देण्यात अर्थ नाही.

फळझाडाचा हिशोब एका वर्षाचा नसतो

धान्याचं पीक काही महिन्यांत संपतं आणि खर्च-उत्पन्नाचा हिशोब त्याच हंगामात मिटतो. फळझाड आधी काही वर्षं फक्त खातं. खड्डे, कलमं, आळी, आधार, कुंपण, पाण्याची सोय, सगळा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि पहिलं विकण्याजोगं फळ काही वर्षांनी दिसतं. समजा, बाग उभी करायला 1,600 भाग लागले आणि झाडं 16 वर्षं फळणार आहेत. मग दर वर्षाच्या खर्चात किमान 100 भाग उभारणीचे धरायला हवेत, आणि त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज वेगळं. छोटे बागायतदार हा खर्च बहुतेक वेळा धरत नाहीत. एकदा झालेला खर्च विसरला जातो आणि बाग दिसते त्यापेक्षा स्वस्त वाटते. झाडं म्हातारी होऊन नवी लावायची वेळ येते, तेव्हा त्यासाठी बाजूला काहीच ठेवलेलं नसतं.

दुसरी अडचण वर्षाआड फळण्याची. आंबा, सफरचंद, संत्रं, ऑलिव्ह अशा बऱ्याच झाडांना ही खोड असते. एका वर्षी झाड लगडतं, साठवलेलं अन्न त्यात जातं, वाढत्या फळांतल्या बियांमधून येणारी संप्रेरकं पुढच्या हंगामाच्या फुलकळ्या रोखतात, आणि पुढच्या वर्षी झाड रिकामं राहतं. बाग तीच, मेहनतही तीच. पण एका वर्षी कार्यक्षमता 0.90 दिसेल आणि दुसऱ्या वर्षी 0.50. अशा झाडाचा एका वर्षाचा आकडा वाचण्यात अर्थच नाही. दोन वर्षांची सरासरी हा त्याचा सर्वात लहान खरा हिशोब. आणि इथं एक जुनी गोष्ट उपयोगी पडते: फळं लहान असतानाच वेळेवर विरळणी. त्या दिवशी मन धजत नाही, हातानं खुडलेलं फळ डोळ्यांपुढून जात नाही. पण त्यामुळं उरलेलं फळ मोठं होतं आणि झाड पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहतं.

तिसरी गोष्ट नांग्यांची, म्हणजे मेलेल्या किंवा न फळणाऱ्या झाडांच्या रिकाम्या जागांची. शंभर जागांपैकी पंधरा नांग्या असल्या तरी पाण्याची नळी शंभर जागांवरून जाते. तण शंभर जागांवर वाढतं, आणि फवारणारा माणूस तेवढंच चालतो. फळ मात्र पंचाऐंशी झाडांचं. माझ्या मते जुन्या छोट्या बागांमधली ही सर्वात मोठी आणि सर्वात कमी मोजली जाणारी गळती आहे. ती बिलात दिसत नाही, म्हणून कुणी शोधत नाही.

खत, पाणी आणि फवारणी

खताचा नियम दोनशे वर्षांचा होत आला. कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञानं 1828 साली तो मांडला आणि पुढं लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं जगभर पोचवला: जे अन्नद्रव्य सर्वात कमी पडतं तेच उत्पादन ठरवतं. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तिच्यापर्यंतच राहतं, बाकीच्या कितीही उंच करा. माती तपासल्याशिवाय खत घालणं म्हणजे न पाहता फळ्या उंच करत राहणं. पाण्याचंही तेच. मुळांच्या खाली गेलेलं पाणी झाडाचं राहत नाही, आणि जाताना विरघळलेलं नत्रही घेऊन जातं.

फवारणीबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण अनेक बागांत खर्चाचा मोठा वाटा तिथंच जातो. 1959 साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी आर्थिक नुकसानीच्या उंबरठ्याची कल्पना मांडली. कीड दिसली म्हणून फवारायचं नाही. तिच्यामुळं होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाइतकं होण्याच्या बेतात आलं की फवारायचं. तीन भागांचं फळ वाचवायला पाच भागांचं औषध म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

पण फळांच्या बाबतीत हा उंबरठा फार खाली असतो, हे सल्ला देणाऱ्यांनी विसरू नये. फळावर एक डाग पडला की चवीत काही फरक नसताना प्रत उतरते आणि भाव कोसळतो. बुरशीचे अनेक रोग तर दिसू लागेपर्यंत उशीर झालेला असतो, तिथं आधीच फवारावं लागतं. म्हणून 'फवारण्या निम्म्या करा' हा सरसकट सल्ला मला बेजबाबदार वाटतो. जिथं वाद नाही अशी गळती पंपाच्या तोंडाशी आहे. नोझल झिजला की भोक मोठं होतं, औषध जास्त जातं आणि मोठे थेंब पानांवरून ओघळून जमिनीत पडतात. एक मिनिट नोझलखाली मोजपात्र धरावं आणि नव्या नोझलशी तुलना करावी. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नोझल बदलावा. सबंध बागेत याहून स्वस्त दुरुस्ती क्वचितच असेल.

खर्च वाढवून कार्यक्षमता वाढते का?

वाढते, आणि हे कळलं की सगळा विषय उलगडतो. झाडावरचं फळ हे उत्पादन नव्हे. विकलेलं फळ हे उत्पादन. समजा, एकूण खर्च 1,000 भाग, झाडावर 1,000 किलो फळ. तोडताना आपटलं, देठ उपसला, उन्हात ढीग पडून राहिला आणि 200 किलो फेकावं लागलं. विकलेल्या एका किलोचा खर्च 1.25 भाग. आता तोडणीवर 40 भाग जास्त खर्च करू. देठासह कात्रीनं तोडणं, सकाळच्या गारव्यातली काढणी, सावली, उथळ खोकी. त्यामुळं फेकलेलं फळ 80 किलोवर आलं तर खर्च 1,040 आणि विक्री 920 किलो. एका किलोला 1.13 भाग. एकूण खर्च वाढला, किलोमागचा खर्च उतरला.

तोडलेलं फळ जिवंत असतं, श्वास घेत असतं. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दोन ते तीन पट वेगानं चालतो आणि फळाचं आयुष्य त्या मानानं घटतं. दुपारच्या उन्हात काढलेल्या आणि तसंच ठेवलेल्या फळात वर्षभराचं खत, पाणी, फवारणी, मजुरी सगळं साठलेलं असतं. ते सडलं तर वर्षभराचा खर्च सडतो. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार जगात काढणीनंतर, किरकोळ दुकानात पोचण्याआधीच सुमारे 14 टक्के अन्न वाया जातं, आणि फळं-भाज्यांत हे प्रमाण त्याहून जास्त आहे. खर्च कमी करा असं सांगताना पहिली कात्री तोडणीच्या मजुरीला लागते. ती तिथं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

घरच्यांची मजुरी धरायची की नाही?

छोट्या बागेत बरंचसं काम घरचीच माणसं करतात, त्यातही घरातल्या बायका. त्यांची मजुरी शून्य धरली तर बाग फार कार्यक्षम दिसते. बाजाराच्या दरानं धरली तर तीच बाग तोट्यात जाते. रशियन अर्थशास्त्रज्ञ चयानोव यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं होतं की कुटुंबाची शेती मजुरीच्या हिशोबावर चालत नाही. खायची तोंडं आणि राबायचे हात यांच्या तोलावर ती चालते. बाहेर काम मिळतच नसेल तर घरच्या माणसाला बागेत राबवणं ही चूक नव्हे, तो तिथला योग्य निर्णय असतो.

तरी वहीत ही मजुरी लिहायला हवी. कारण पैशांचं नाही, दिसण्याचं आहे. पहाटेपासून फळं निवडत बसलेल्या बाईचे तास हिशोबात नसतील, तर ते वाचवणारी कोणतीही सोय घराला कायम महागच वाटणार.

मग लहान असणं हाच दोष का?

जगात 60 कोटींहून जास्त शेतं आहेत, असा अंदाज आहे. त्यांतली सुमारे 84 टक्के दोन हेक्टरांहून लहान आहेत. जगातली जेमतेम 12 टक्के शेतजमीन त्यांच्याकडे आहे, आणि तिच्यातून अंदाजे 35 टक्के अन्न पिकतं. अमर्त्य सेन यांनी 1962 साली भारतातल्या आकड्यांवरून लक्ष वेधलं होतं की शेत लहान होत जातं तसं एकरी उत्पादन वाढतं. फळबागेत हे पटायला सोपं आहे. विरळणी, छाटणी, फळ केव्हा तोडायचं हे ठरवणं, ही नजरेची कामं आहेत, आणि रोजच्या माणसाची नजर वेगळीच असते.

मात्र एकरी जास्त फळ म्हणजे किलोमागं कमी खर्च असं नाही. लहान बागेला खरा मार बसतो तो तोडून निम्म्या करता न येणाऱ्या गोष्टींचा. अर्धा ट्रॅक्टर किंवा अर्धी शीतखोली विकत मिळत नाही. थोड्याशा झाडांसाठी मोठं यंत्र घेतलं की नाकापेक्षा मोती जड होतो. यंत्र भाड्यानं आणलं, चौघांनी मिळून घेतलं, एकत्र वाहतूक केली, तर हा तोटा बराच भरून निघतो. म्हणून आकाराचा दोष आणि कामाचा दोष हिशोबात वेगळे काढतात. लहान बागायतदाराला दुसऱ्या दोषाबद्दल बोल लावताना अनेकदा पहिलाच त्याच्या माथी मारलेला असतो.

शेतकऱ्याला एवढं कळत नाही का?

कळतं. थिओडोर शुल्ट्झ यांनी 1964 मध्ये ठामपणे मांडलं की पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाताशी असलेल्या साधनांचा वापर तो चोख करतो. पुढं 1979 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या परिस्थिती तीच राहिली तर माणूस चुका करत करत योग्य जागी पोचतोच. पण परिस्थिती हलू लागली की जुना चोख हिशोब चुकतो, हेही शुल्ट्झ यांनीच 1975 मध्ये लिहिलं. नवा रोग येतो, नवं वाण येतं, मोहोराच्या वेळी पाऊस पडतो, आणि कालचा कसबी बागायतदार आज रेषेच्या मागं दिसतो.

शिवाय ज्याला आपण चूक म्हणतो ती पुष्कळदा अडचण असते. रोख पैसे नसतात म्हणून खत उधारीवर येतं. ते महाग पडतं आणि उशिरा पडतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आकडा खाली जातो. जास्तीची एक फवारणी म्हणजे कधीकधी अज्ञान नसून गरिबाचा विमा असतो. एक बहर गेला तर सावरायला ज्याच्याकडे काही नाही, तो उंबरठ्याची वाट कशी पाहील?

कार्यक्षम झालं की नफा होतो का?

याची हमी नाही, आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं. खर्च-कार्यक्षमतेच्या सूत्रात फळाचा विक्रीभाव येतच नाही. 1 मिळवलेला बागायतदारही भाव पडला तर तोट्यात जातो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विलर्ड कॉक्रेन यांनी 1958 साली याचीच पुढची पायरी दाखवली. नवं तंत्र पहिल्यांदा घेणाऱ्याला फायदा होतो. सगळ्यांनी घेतलं की माल वाढतो, भाव उतरतो, आणि जो मागं राहिला तो बाहेर फेकला जातो. जागच्या जागी धावायला लावणाऱ्या पट्ट्याची उपमा त्यांनी दिली होती. म्हणून कार्यक्षमतेचा सल्ला देणाऱ्यानं भाव, साठवण आणि बाजारापर्यंतच्या वाटेबद्दल गप्प बसणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक खोट आहे. ज्याला दर नाही ते या हिशोबाला फुकट वाटतं. जमिनीखालचं पाणी उपसायला काहीच पडत नसेल तर भरपूर पाणी वापरणारी बागसुद्धा उत्तम गुण मिळवते, आणि विहीर आटेपर्यंत आकडा हसतमुख राहतो.

स्वतःची सीमारेषा स्वतःच्या बागेत

मोठा अभ्यास, शेकडो शेतकऱ्यांची माहिती, संगणक, यांतलं काही नसतानाही फॅरेलची कल्पना एका वहीत वापरता येते. फक्त वही सबंध बागेची न ठेवता ओळीवार ठेवायची. प्रत्येक ओळीला किती पाणी, किती खत, किती फवारण्या, किती माणसांचे किती तास, किती नांग्या, आणि विकलं गेलेलं फळ किती. दोन बहर असे लिहून झाले की किलोमागं सर्वात कमी खर्चाची ओळ आपोआप वर येते. तीच तुमची सीमारेषा. दर तेच, हवामान तेच, हातही तेच, त्यामुळं नशिबाचा वाद उरत नाही. बाकीच्या ओळी तिच्यापासून जेवढ्या लांब, तेवढी तुमची गळती.

सगळ्यात मागं पडलेल्या ओळीपासून सुरुवात करावी. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन झाडापासून हातभर अंतरावर उकरायचं, आणि ओल मुळांपाशी थांबली आहे की त्यांच्याही खाली गेली आहे, ते माती मुठीत घेऊन पाहायचं.